पोळा ते संक्रांत, कात्री बंद

बेंबळीच्या शिवारात, धाराशिवकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून धुरपदाबाईचा पंधरा गुंठ्यांचा एक मुरमाड तुकडा आहे. वाटण्या झाल्या तेव्हा काळी जमीन थोरल्या दिरानं घेतली, विहिरीजवळची मधल्यानं घेतली, आणि कुदळ मारली की ठिणगी उडते ते रान बजरंगच्या वाट्याला आलं. बजरंग म्हणजे धुरपदाबाईचा नवरा. भांडण त्याच्या स्वभावात नाही. घरातलं भांडणाचं सगळं काम बायकोकडं आहे आणि साठी उलटली तरी तिनं त्यात हयगय केलेली नाही.

वैशाखात या तुकड्यासमोरून गेलात तर थांबण्यासारखं काही दिसणार नाही. धुळीनं माखलेली झुडपं, काळ्या पिशव्यांतली रोपं, एक पत्र्याचं शेड. पण दिवाळी उलटल्यावर जा. दुरंट्याला पिवळ्याधमक फळांचे घोस लोंबत असतात, कुंतीची फळं लाल झालेली असतात, आणि पांढरफळीच्या काटेरी फांद्या पांढऱ्या मण्यांनी गच्च भरलेल्या असतात. बुलबुल नुसता धुडगूस घालतात. यातलं माणसाच्या पोटात जाण्यासारखं फारसं काही नाही. पांढरफळी पोरं खातात. दुरंटा तर विषारीच. तो बघायचा, तोंडात घालायचा नाही, हे धुरपदाबाई येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते आणि मग पाणी विचारते.

गावाला हे कधी पटलं नाही. फुलांची बाग समजू शकते, फळांची समजू शकते. न खायची फळं लावून त्यांच्याकडं बघत बसणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हा बेंबळीपुढचा वीस वर्षांपूर्वीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शेवग्याचा सल्ला झाला, सीताफळाचा झाला. पुतण्या रणधीर तर एकदा सीताफळाची रोपं घेऊनच आला. तिनं ती घेतली, बांधाच्या टोकाला लावली, त्यांची सीताफळं दरसाल रणधीरच्याच घरी पाठवते, आणि झुडपं आहेत तिथंच आहेत.

हे वेड तिला लागलं ते धाराशिवजवळच्या एका सरकारी रोपवाटिकेत. तिथं ती अठरा वर्षं रोजानं कामाला होती. पिशव्या भरायच्या, तण काढायचं, पाणी घालायचं आणि वर्षातून एकदा ऑफिसभोवतालचं दुरंट्याचं कुंपण कापायचं. दिवाळीआधी साहेब लोकांची तपासणी असे. त्याआधी कुंपण असं सपाट व्हायला हवं की वर चहाचा कप ठेवला तर सांडू नये, असा मुकादमाचा हुकूम.

आता यात गोम अशी की दुरंट्याला फुलं येतात ती पावसाळ्यात, फांदीच्या शेंड्याला. निळी-जांभळी, नाजूक. नवरात्राच्या सुमारास त्यांची हिरवी फळं धरतात आणि ती पिवळी व्हायला दिवाळी मागं पडावी लागते. नेमकी त्याच पंधरवड्यात आपल्या लोकांच्या हाताला खाज सुटते. दिवाळी म्हणजे घासायचं, पुसायचं, रंगवायचं. जे बाहेर आलेलं दिसेल ते आत ढकलायचं, आणि झाड आत ढकलता येत नाही म्हणून ते कापायचं. त्यामुळं शाळा म्हणू नका, दवाखाने म्हणू नका, बँका म्हणू नका, जिल्हाभर दुरंट्याची कुंपणं उभी आहेत आणि त्यातल्या एकानंही स्वतःचं पिकलेलं फळ पाहिलेलं नाही. याला फळं येतात असं सांगितलं तर कापणारा माळीसुद्धा हसेल.

एका वर्षी मुकादम मोटारसायकलवरून पडला आणि दोन महिने पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसला. जुना साहेब बदलून गेला होता, नवा अजून आला नव्हता. कुंपण कापायचं कुणी सांगितलं नाही आणि कुणी कापलंही नाही. दिवाळीची सुट्टी संपवून धुरपदाबाई कामावर आली आणि फाटकातच थांबली. सगळं कुंपण पिवळं झालं होतं. बारा वर्षं ज्याची पानं ती झाडून काढत होती ते हेच झाड, हे तिला खरं वाटेना. डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली, आणि बजरंगला तिनं नंतर सांगितलं त्याप्रमाणं, तिला रडू आलं आणि का आलं ते कळलं नाही.

आठवड्यानं मुकादम काठी टेकत आला. कुंपण बघून त्यानं कपाळावर हात मारला आणि मोठी कात्री धुरपदाबाईच्याच हातात दिली. तिनं कापलं. नोकरी होती, घरी दोन लेकरं शाळेत होती, नाही म्हणायची हिंमत झाली नाही. पिवळे घोस पायाशी पडत गेले, ते तिनं झाडून टोपल्यात भरले, आणि खतखड्ड्यावर ओतायच्या आधी ओंजळभर फळं पदरात बांधून घरी आणली. ती नोकरी त्यानंतरही तिनं सहा वर्षं केली, दर दिवाळीला कापलं. पण त्या दिवसाचं तिनं स्वतःला अजून माफ केलेलं नाही. कुणी विषय काढला तर आजही तिचा आवाज चढतो.

पदरातल्या त्या फळांपासून मुरमावरची पहिली झुडपं झाली. फळ चुरगळायचं, गर धुऊन टाकायचा, बी सावलीत पेरायचं, रोप वीतभर झालं की पिशवीत घालायचं. पुढं कुंती आली. पांढरफळी तिनं डोंगराच्या कडेनं हिंडून, हाताला ओरखडे काढून घेत आणली. शेजारच्या रानवाल्यांनी तक्रार केली की हिच्या फळांवर पाखरं येतात आणि मग आमच्या ज्वारीवर बसतात. तिनं विचारलं, ज्वारी पेरली तेव्हा पाखरांना कुणी आवतण दिलं होतं. तक्रार तिथंच मिटली नाही, पण पुढंही गेली नाही.

रोपं विकायला लागल्यावर तिनं एक अट घातली. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत झाडाला कात्री लावायची नाही. बाकीचे महिने काय करायचं ते करा. ऐकून लोक हसायचे, हो म्हणायचे, आणि दिवाळीला कापायचे. ती जाऊन बघायची आणि येऊन जेवायची नाही. तिला जास्त काही नको होतं. आपल्या बांधाबाहेर, चारचौघांच्या नजरेसमोर, एक तरी कुंपण पिकल्या फळापर्यंत पोचलेलं तिला बघायचं होतं. इतकी साधी गोष्ट, आणि ती काही केल्या होत नव्हती.

अशात एका मार्गशीर्षात उमाशंकर अप्पा आणि त्यांची बायको शिवलीला यांची गाडी तिच्या बांधाशी थांबली. माणसं मूळची उमरग्याची, व्यापारातली, तालेवार. धाराशिवच्या बाहेर त्यांनी नवं मंगल कार्यालय बांधलं होतं. शिवलीलावैनी गाडीतून उतरल्या आणि झुडपांमधून हिंडतच राहिल्या. पिवळं, लाल, पांढरं. नवऱ्याशी कानडीत काहीतरी बोलल्या, आणि अप्पांनी कार्यालयाच्या दर्शनी बाजूला चाळीस दुरंटे लावायचं ठरवून टाकलं. धुरपदाबाईनं अट सांगितली. अप्पांनी हसून हात जोडले.

पावसाळ्यात तिनं स्वतः उभं राहून झाडं लावली. दोन वर्षांची, पोसलेली, तिच्याकडची सगळ्यात चांगली चाळीस. पहिल्या साली फळ तुरळक धरलं. दुसऱ्या साली मात्र झाडं अशी फुलली की ती महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन नुसतं बघून यायची. नवरात्रात गेली तेव्हा हिरव्या फळांचे घोस खाली वाकले होते. अजून पंचवीस दिवस, महिनाभर फार तर. परत येऊन तिनं बजरंगला सांगितलं की यंदा दिवाळीनंतर तुम्हाला दाखवायला नेते, धुतलेलं धोतर काढून ठेवा.

धनतेरसच्या आदल्या दिवशी ती गेली आणि कुंपण कंपासपेटीसारखं चौकोनी झालेलं होतं. पेट्रोलवरचं मशीन आणून माळ्यानं सकाळीच उरकलं होतं. हिरवी फळं फरशीवर पसरली होती आणि एक बाई ती खराट्यानं गोळा करत होती. धुरपदाबाई त्या बाईकडं बघत राहिली. मग तिनं अप्पांना बाहेर बोलावलं.

अप्पांना यात काही झालंय असंच वाटत नव्हतं. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू होतात, पहिल्याच लग्नाला कार्यालय कसं टापटीप दिसायला हवं, झाडं वाढली की जंगल वाटतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. अटीचं काय, तर ती त्यांच्या लक्षातच नव्हती. आणि शेवटी झाडं विकत घेतल्यावर ती आपली झाली, हेही ते हळूच बोलून गेले.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमी झाडं न्हाय इकत घेतली. तुमी शबूद दिला हुता, तवा म्या झाडं दिली. शबूद गेला, झाडंबी गेली. उद्या येते."

त्यांना वाटलं, बाई रागात बोलतेय. दुसऱ्या दिवशी, लोक घराला तोरणं बांधत होते त्या दिवशी, कार्यालयाच्या फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यात बजरंग होता, दोन पहारी होत्या, दोन गडी होते, भिजवलेली पोती होती आणि मेंदीची चाळीस रोपं होती. धुरपदाबाई खाली उतरली. रखवालदारानं अडवलं. अप्पा धावत आले आणि हा काय तमाशा म्हणून ओरडले. तिनं टेम्पोकडं बोट केलं. चाळीस घेऊन चाललेय, चाळीस देतेय. ही मेंदी आहे, हिला कितीही कापा, हिचं काही बिघडत नाही. अप्पा म्हणाले, पोलिसांना बोलावतो.

"बोलवा की," ती म्हणाली. "त्यास्नी म्हणावं, मोजून घ्या. म्या हितंच हाय."

पोलीस आले असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. कायद्यानं पाहिलं तर बाईची बाजू लंगडीच होती, आणि हे तिलाही ठाऊक होतं. पण शिवलीलावैनी आतून आल्या, नवऱ्याशी एक शब्द न बोलता रखवालदाराच्या हातून किल्ली घेतली आणि फाटक उघडलं. का उघडलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुपार कलेपर्यंत झाडं मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यांसकट पोत्यांत बांधून टेम्पोत चढली होती, आणि खड्ड्यांत मेंदी बसली होती. मेंदीला पाणीही धुरपदाबाईनंच घातलं. झाडाशी तिचं भांडण नव्हतं.

गावात हसू झालं ते झालंच. रणधीर मात्र हसला नाही, तो चिडला. काकू, तुम्ही नाव घालवलंत, आता तुमच्याकडं रोप घ्यायला कुत्रं फिरकायचं नाही, असं तो तिच्या तोंडावर बोलला. त्यातलं निम्मं खरं झालं. शहरातले बगिचे करणारे ठेकेदार तिला टाळू लागले. एकानं निरोप धाडला की अट सोडा, शंभर रोपं उचलतो. तिनं उलटा निरोप दिला की तुम्ही कात्री सोडा, शंभर रोपं तशीच देते. तो परत आला नाही.

परत आणलेली झाडं तिनं रस्त्याकडच्या बांधावर ओळीनं लावली. दिवाळीच्या उन्हात, मशीननं बोडकी केलेली, मुळं तुटलेली झाडं. बजरंगनं थंडीभर कळशीनं पाणी वाहिलं, तोंडातून अक्षर काढलं नाही. अकरा झाडं मेली. प्रत्येक झाड वाळलं की धुरपदाबाई ते स्वतः उपटायची आणि त्या दिवशी तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. एकदा तिनं बजरंगला विचारलं, चुकलं का माझं. त्यानं कळशी खाली ठेवली. "तुजं चुकलं आसंल," तो म्हणाला, "पर मला लई बरं वाटलं." एवढं लांब वाक्य तो वर्षातून एखादंच बोलतो.

वर्ष उलटलं आणि पुढच्या मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आली. त्या दिवशी आमच्याकडं घरात कुणी नसतं. सगळं गाव रानात जातं, कडब्याची खोप करतं, दगडांचे पाच पांडव मांडून पुजतं, आणि भाज्या-डाळींची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर, आंबील असं पोट फुटेस्तोवर खातं. आणि एक रीत कुणी मोडत नाही. आपल्या रानावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, मग तो ओळखीचा असो, अनोळखी असो की आदल्या दिवशी ज्याच्याशी डोकी फोडाफोडी झाली तो असो. हाक मारलेल्यानंही नाही म्हणायचं नाही.

धुरपदाबाई आंबिलाचं मडकं काढत होती तेव्हा रस्त्यावर अप्पांची गाडी हळू झाली. पाहुण्यांच्या रानाकडं निघाले होते. गाडी पुढं गेली नाही, कारण रस्त्याकडच्या बांधावर एकोणतीस दुरंटे जमिनीपर्यंत पिवळे झाले होते आणि शिवलीलावैनींनी गाडी थांबवायला लावली होती.

सगळ्यांनी धुरपदाबाईकडं पाहिलं. रणधीरनं तर हातातला घास खाली ठेवला. तिचं तोंड कडू झालं. या माणसाला आपल्या पंगतीत बसवायची तिला जराही इच्छा नव्हती. पण येळवस होती. ती बांधापर्यंत गेली आणि म्हणाली, "या, दोन घास खावा." अप्पा ओशाळले, पण उतरले. त्यांनाही येळवस मोडता आली नसती.

जेवणं झाली. तिनं वाढण्यात हात आखडला नाही, भज्जी दोनदा वाढली, आंबील आग्रहानं प्यायला लावलं. मग अप्पा उठून झुडपांकडं गेले. यातली आमची कुठली, असं त्यांनी विचारलं. तिनं एका झाडाची फांदी बाजूला केली. आत, बुंध्यापासून हातभरावर, मशीननं सरळ रेघेत छाटलेली लाकडं अजून दिसत होती, आणि त्यांच्या बाजूनं नव्या फांद्या फुटून फळांनी लवल्या होत्या. अप्पा बराच वेळ त्या खुंटांकडं बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले की मावशी, झालं गेलं विसरा, ही झाडं परत लावू, या वेळी कुणी हात लावणार नाही, मी सांगतो.

इथं बाईनं विरघळावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. रणधीर तर मागून मान हलवून हो म्हणा, हो म्हणा असं खुणावत होता. इतक्या दिवसांनी तिला हवं होतं तेच समोरून चालत आलं होतं. चारचौघांच्या नजरेसमोरचं कुंपण.  तिनं हात वर करून पिकलेल्या फळांचा एक घोस खुडला, आणखी एक खुडला, आणि दोन्ही अप्पांच्या पुढं धरले.

"झाडं न्हाय द्यायची," ती म्हणाली. "ह्ये घ्या. पेरा. उगवून आणा, उन्हाळ्यात पाणी घाला, मरंल त्ये मरू द्या. आन् फळ धरल्यावर मग लावा कात्री. तुमचा हात हुतो का बगू."

अप्पांनी हात पुढं केला नाही. त्यांना अपमान वाटला असावा, आणि तो होताही. शिवलीलावैनी पुढं झाल्या, भारी साडीचा पदर त्यांनी पसरला आणि घोस त्यात घेतले. धुरपदाबाईनं त्या पदराकडं पाहिलं आणि आणखी दोन घोस खुडून टाकले. गाडी गेल्यावर रणधीरनं हात टेकले. ती खोपीत जाऊन राहिलेलं जेवली.

शिवलीलावैनी आषाढात आल्या त्या एका फळकुटावर वीतभर रोपं ओळीनं मांडून, नखांत माती घेऊन. पुढं काय करायचं ते विचारायला आल्या होत्या. धुरपदाबाईनं पोतं अंथरलं, पिशव्या पुढ्यात टाकल्या, बसा म्हणाली. दुपारभर दोघींनी पिशव्या भरल्या. 

त्यानंतर दोन पावसाळे गेले. यंदाच्या दिवाळीत कार्यालयाची मेंदी नेहमीप्रमाणं चौकोनी कापली गेली. तिच्या मागं ठेंगणी, वाकडीतिकडी, वेगवेगळ्या उंचीची दुरंट्याची एक रांग उभी आहे, चार-दोन झाडांना हिरवी फळंही धरली आहेत. मेंदी उरकून माळी मशीन घेऊन तिकडं वळला तेव्हा अप्पा पायात चप्पल न घालता अंगणात पळाले आणि झाडांपुढं आडवे उभे राहिले. माळ्याला त्यांनी असं काही झापलं की तो मशीन टाकून चहाला निघून गेला. शिवलीलावैनींनी लगेच फोन करून हे सगळं सांगितलं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

धुरपदाबाई हसली नाही. अप्पांनी बरं केलं असंही म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "रोपं किती मेली?"

वैनी म्हणाल्या, तेवीस जगली, सात मेली.  मग म्हणाल्या, ती सात यांनी स्वतः उपटली मावशी, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

धुरपदाबाईनं फोन कानाशी तसाच धरून बजरंगला हाक मारली. धुतलेलं धोतर कुठं ठेवलंय, असं तिनं विचारलं. दिवाळी उलटली की बघायला जायचं होतं.